पाय टेकेल अशी सायकल

माझा नवरा फार चांगला माणूस आहे, हे मला लग्नानंतरची पंधरा वर्षं गावातल्या झाडून सगळ्या बायकांनी सांगितलं. नरसी नामदेवला आमचं घर, रस्त्याला लागून त्याचं बी-बियाणांचं दुकान, आणि माझी जिल्हा परिषदेची शाळा तिथून सात किलोमीटर आत. लहानपणीच्या पोलिओनं माझ्या डाव्या पायात जीव ठेवला नाही. गुडघ्यावर हात दाबून चालावं लागतं. म्हणून तो मला रोज मोटारसायकलवर शाळेत सोडायचा आणि रोज न्यायला यायचा. एवढ्या खराब रस्त्यानं बायकोला नेतो-आणतो, याचं फार कौतुक व्हायचं.

तोंडावर मी त्याला तुमी म्हणते. इथं मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. लिहिताना तेवढी मोकळीक मी घेते.

मी नोकरीला लागले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. पुढं हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला, शाळेच्या फळ्यावरचं जुनं नाव मी माझ्या हातानं पुसून नवं लिहिलं, पण माझं जाणं-येणं होतं तसंच राहिलं. पाच वाजता शाळा सुटायची. तो कधी पाचला यायचा, कधी सहाला, दुकानात गिऱ्हाईक असलं तर साडेसहाला. बाकीचे शिक्षक निघून गेल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहायचे. कधी उलटंही व्हायचं. त्याला हिंगोलीला माल आणायला जायचं असलं की चार वाजताच बाहेर हॉर्न वाजायचा. मी गोष्ट सांगत असले तर लेकरंच गप्प व्हायची, आणि पहिल्या रांगेतली पोरगी उठून माझी पिशवी आणून द्यायची. "बाई, गाडी आली." मुख्याध्यापक म्हणायचे, जा बाई, त्यांचा खोळंबा नको. गोष्ट दुसऱ्या दिवशी पुरी करायची म्हटली तर लेकरांना ती कुठं थांबली होती हे आठवायचं नाही, आणि खरं सांगते, मलाही आठवायचं नाही.

कुणाकडं बारसं असलं, शिक्षकांची बैठक असली, मैत्रिणीकडं चहा असला, तरी आधी त्याला विचारायचं. तो कधीच नाही म्हणायचा नाही, तक्रार करायला तेवढीसुद्धा जागा नव्हती. तो म्हणायचा, "मी हाय ना, सोडतो की." मग सोडायचा, आणि बाहेर गाडीवर बसून वाट बघायचा. आत बसलेल्या बायका अर्ध्या तासानं म्हणायच्या, अगं जा बाई, किती ताटकळत ठेवतेस त्यांना. एकदा एकीच्या घरी मी मुद्दाम दीड तास बसले. त्यानं चकार शब्द काढला नाही, घरी आल्यावर मला पाण्याचा तांब्या दिला. अशा माणसावर चिडायचं कसं, ते मला आजही कळलेलं नाही. चिडायची मात्र मी रोज.

स्कुटी घेऊन बघितली नाही असं नाही. मैत्रिणीची घेऊन शाळेच्या मैदानात बसले, ती उजवीकडं कलली तोवर ठीक, डावीकडं कलली तशी मला घेऊन आडवी झाली. एवढं वजन तोलायला डावा पाय कुठून आणू? एकदा तालुक्याला शिबिर होतं, तिथं हातानं फिरवायची तीनचाकी देत होते. मी फॉर्म भरला नाही. त्या गाडीवर बसलेल्या बाईशी लोक मोठ्यानं आणि सावकाश बोलतात, ती बहिरी असल्यासारखं. ते मला सोसलं नसतं.

माझा धाकटा भाऊ वारंगा फाट्याला मोटारी भरायचं काम करायचा. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी, पंखे, मिक्सर. तांब्याच्या तारेचं काम, हात कायम काळे. दोन हजार सात-आठच्या आसपास, भारनियमनाच्या दिवसांत, तो एकदा मला भेटायला थेट शाळेवरच आला. मी पायरीवर बसलेली, सगळी शाळा सामसूम. तो शेजारी बसला, आणि आम्ही दोघांनी मिळून पाऊण तास माझ्या नवऱ्याची वाट पाहिली. शेवटी तो म्हणाला,

"ताई, सायकलला मोटार बसवून देऊ का तुला? पायडल मारायचं कामच न्हाई."

नांदेडच्या भंगारात त्याला विजेवर चालणारी एक मोडकी गाडी सापडली होती. तिची मोटार त्यानं उघडून पाहिली होती, ठणठणीत होती. सायकल मात्र सस्ती पाहिजे, तो म्हणाला, कारण तिला मी कापणार हाय. शिवाय दोन गोष्टी हव्या होत्या. एक, मधे आडवा दांडा नको, साडीत पाय उचलून टाकता यायचा नाही. दुसरी, मागंपुढं दोन्हीकडं शॉकअप पाहिजे. डॉक्टरांनी मला धक्के वर्ज्य सांगितले होते. एका पायावर सगळं वजन टाकून टाकून माझी कंबर कामातून गेली होती, आणि आमचा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी डांबराची चार ठिगळं. असल्या डबल शॉकअपच्या सायकली तेव्हा कॉलेजची पोरं मिरवायची.

मला रात्री झोप आली नाही, एवढा आनंद झाला. नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला. "घेऊ की. सायकल मी निवडतो."

आम्ही तिघं हिंगोलीला गेलो. बाजाराचा दिवस, हळदीच्या पोत्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. सायकलच्या दुकानात दोन डबल शॉकअपच्या निघाल्या. एक लाल, जरा बुटकी, बारक्या चाकांची. दुसरी निळी, मोठ्या चाकांची, सीटखाली मनगटाएवढी जाड स्प्रिंग. भावानं दोन्ही उलट्या केल्या, चाकं फिरवली, मागच्या चाकाच्या चिमट्यात बोटं घालून जागा मोजली.

"लाल घ्या भाऊजी. चाक बारकं असलं की मोटारीला ताण कमी. चढाला बरं."

"ती लेकरायची हाय," नवरा म्हणाला. "मास्तरीण हाय ती. गावातून जाताना लोक हासतील."

त्यानं निळीच्या सीटवर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग स्वतः बसून दुकानापासून चौकापर्यंत चक्कर मारून आला. भावानं मारली. दुकानदारानं आपल्या माणसालाही बसवून दाखवलं. "देखो भैया, पलंग है पलंग," तो म्हणाला. तिघांनीही सायकल पास केली.

मी पायरीशी उभी होते. जिला ती चालवायची, तिला बसून बघ असं तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडं बाईसाठी साडी घेतली तर ती अंगाला लावून बघतात, पण सायकल बाईनं बाजारात बसून बघायची पद्धत नाही. पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलत नाही. मी एवढी तोंडाळ, शाळेत मुख्याध्यापकांना ऐकवणारी, तिथं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. सायकलवर बसायचं तर मला डावा पाय हातानं धरून पलीकडं टाकावा लागला असता, भर बाजारात, हळदीच्या गाड्यांवरच्या सगळ्या माणसांसमोर. मी म्हणाले, निळी छान आहे.

भाऊ ती एसटीच्या टपावर टाकून फाट्याला घेऊन गेला. पुढचा महिनाभर मी रोज एसटीडीवरून फोन करायचे. पहिल्यांदा त्यानं मोटार पुढच्या भागावर बसवली. असल्या सायकलचा मागचा भाग खड्ड्यात वेगळा हलतो, त्यामुळं साखळी कधी ताठ, कधी ढिली, आणि दर खड्ड्याला निसटायला लागली. मग मोटार काढून मागच्या चाकाजवळ, चाकाबरोबरच वर-खाली होईल अशी लावली. यूपीएसमधल्या दोन बॅटऱ्या पत्र्याच्या डब्यात घालून मागं टांगल्या. डावं पायडल काढून तिथं पाय ठेवायला पट्टी जोडली. "ताई, मस्त पळून राहिली," तो म्हणाला. मी शाळेत लेकरांना सांगून टाकलं की पुढच्या सोमवारी बाई एकट्या येणार.

रविवारी तो सायकल घेऊन आला. अंगणात मी बसले, नवऱ्यानं हँडल धरलं, भावानं मागून. मग मी उजवा पाय खाली सोडला. तो जमिनीला लागेना. चार बोटं अंतर राहिलं.

माझ्यासारख्या बाईचा सगळा भरवसा त्या एका पायावर. थांबले की तो टेकलाच पाहिजे, नाही तर स्कुटीसारखंच, गेले डावीकडं. भावानं पाना घेतला, सीट खाली घ्यायला गेला, आणि पान्यासकट तसाच उभा राहिला. सीट आधीच सगळ्यात खाली होतं. साध्या सायकलचं सीट खाली नळीत घुसवता येतं. हिच्या सीटखाली ती जाड स्प्रिंग, त्यामुळं सांगाडाच तिथं उंच. ज्या स्प्रिंगसाठी सायकल घेतली, तिनंच मला अधांतरी लटकवलं. लाल सायकलवर माझा पाय टेकला असता, हे आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण कुणी कुणाकडं बघेना.

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "मी हाय ना."

मला इतकं रडू आलं की मी सायकलवरून उतरायचंही विसरले. त्या तीन शब्दांनी मला पंधरा वर्षं गुंडाळून ठेवलं होतं, आणि आताही तो ते मायेनंच म्हणत होता. मी पदरानं तोंड पुसलं. रडताना खाली मान घातलेली, तेव्हा स्प्रिंगकडं लक्ष गेलं. तिच्या डोक्यावर एक गोल नट होता.

"हा कशाचा रे?"

"स्प्रिंग ताठ-ढिली करायचा."

"ढिली कर. पुरी ढिली कर."

"ताई, मग ती खाली बसंल. खड्ड्यात टेकंल. तुझी कंबर..."

"कंबर माझी हाय. तू नट फिरव."

त्यानं फिरवला. बॅटऱ्यांच्या आणि माझ्या वजनानं सायकल हळूहळू खाली बसली. जाड सीट काढून दुकानातल्या जुन्या सायकलचं पातळ, कडक सीट लावलं. आता पायाचा अंगठा आणि दोन बोटं टेकली. तेवढं मला पुष्कळ होतं. शॉकअपची सायकल घेऊन तिचा शॉकअप मारून टाकला, असं भाऊ पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत होता, हसत हसत. दर खड्ड्याला माझ्या मणक्यात कळ उठायची, पण ती कळ मी कुणाला दाखवली नाही.

आठ दिवस दुकानामागच्या मैदानात शिकले. मग एका सोमवारी एकटी निघाले.

ते अकरा दिवस कसे होते, ते लिहायला मला धड जमत नाही. मी विनाकारण थांबायचे. रस्त्यात बोरीचं झाड दिसलं, थांबले, पाय टेकला, बोरं खाल्ली, निघाले. वेग म्हणाल तर धावत्या माणसाएवढा. एकदा एका शेळीनंसुद्धा मला मागं टाकलं. शाळा सुटल्यावर सहापर्यंत बसले आणि अर्धी राहिलेली एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. एका शेतात कढईभोवती बायका बसलेल्या, धूर, तो उग्र वास. त्यांनी हाक मारली, मी गेले. अर्धा तास बसले, हळकुंडं हातात घेऊन बघितली, त्यांच्या सुनांच्या तक्रारी ऐकल्या. कुणी मला म्हणालं नाही की जा बाई, ते ताटकळलेत. घरी पोचले तेव्हा अंधारायला आलं होतं, हात पिवळे झालेले. थोड्या वेळानं नवरा आला आणि दारात हातपाय धुवायला लागला. त्यानं काही विचारलं नाही. मला वाटलं, सुधारला बरं का माणूस. मी त्या रात्री त्याला मनापासून शिरा करून घातला.

बाराव्या दिवशी आदल्या रात्रीची वीज पुरती आलीच नव्हती. बॅटऱ्या निम्म्याच भरल्या असतील, पण मला थांबवेल कोण? शाळा तीन किलोमीटरवर असताना ओढ्याच्या चढावर सायकल कण्हत कण्हत थांबली. मूठ पिळली, काही नाही. मी उतरले. माणूस नाही, काणूस नाही. बॅटऱ्यांसकट ती सायकल ढकलत चढ चढणं मला सात जन्मात जमणार नव्हतं. पण गंमत सांगते, मी घाबरले नव्हते. मी विचार करत होते की कुठं सावलीला बसावं, कोण कोण इथून जाईल, कुणाला काय सांगावं. माझी अडचण होती आणि मीच ती सोडवणार होते.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. मागून मोटारसायकल आली.

"बॅटरी बसली व्हय?" नवरा म्हणाला. गाडी स्टँडला लावली आणि डिकीतून दोर काढला. नवाकोरा, घडी घातलेला नायलॉनचा दोर.

"तुमी इकडं कसे?"

"असंच."

"दोर कशाला आणला?"

तो गाठ मारत होता. वर न बघता म्हणाला, "रोजच असतो."

मला समजायला वेळ लागला. आधी वाटलं, दुकानाच्या कामाला असेल. मग म्हणाले, "रोज म्हणजे?"

"रोज मागं असतो की मी. लांब असतो, तुला आवाज यायला नको म्हणून. पडलीबिडलीस तर? तू हळदीवाल्या बायांपाशी बसलीस ना, तवा मी त्या लिंबाखाली उभा होतो." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "काहून? काय झालं?"

बोरं खाताना तो होता. शेळीनं मागं टाकलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले, तेव्हाही होता. सकाळ-संध्याकाळ दुकान बंद ठेवून, गिऱ्हाईक सोडून, अकरा दिवस हा माणूस माझ्या मागं उन्हात थांबत थांबत चालला होता, आणि बदल्यात त्याला काही नको होतं. मला वाटलं त्याच्या हातातला दोर हिसकून ओढ्यात फेकावा. माझे आयुष्यातले अकरा दिवस होते ते, आणि तेही माझे नव्हतेच. पण दहा वाजत आले होते, हजेरीपटावर सही करायची होती. सायकल दोरानं ओढत एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, नेऊन लावली आणि मी नवऱ्याच्या मागं गाडीवर बसले.

रात्री जेवताना मी म्हणाले, "उद्यापासून मागं यायचं न्हाई."

"बरं."

"शपथ घ्या."

"बरं म्हणलो ना."

तो शब्दाचा पक्का आहे. त्यानं नंतर कधी पाठलाग केला नाही, हे मला दुकानासमोरच्या चहावाल्यानंही सांगितलं. सकाळी साहेब दुकानातच असतात आता, म्हणाला. म्हणजे मी चौकशीही केली, बघा. आणि तरीही रस्त्यानं जाताना माझी मान दर वळणाला मागं वळायला लागली. झाडामागं काही चमकलं की वाटायचं, गाडीचा आरसा असेल. बोरीशी थांबायचे, पण आधी मागं बघून घ्यायचे. बोरं तीच होती, चार खाऊन निघायचे. हळदीवाल्या बायकांनी हाक मारली तर हात हलवून पुढं जायचे.

असंच मागं बघताना एका सकाळी खड्डा चुकला. ढिली स्प्रिंग दाणकन टेकली, सायकल डावीकडं गेली आणि मी रस्त्यावर. फार लागलं नाही, कोपर सोलवटलं, चप्पल लांब उडाली. उठायचं कसं ते मला माहीत होतं. उजवा पाय दुमडायचा, हँडलला धरायचं. जन्मभर मी तशीच उठत आलेली. पण मी उठले नाही. मी रस्त्यात बसून राहिले, आलेल्या वाटेकडं तोंड करून. कान देऊन बसले होते. पाच मिनिटं झाली असतील, दहाही असतील. बैलगाडीवाला एक जण जवळ येऊन विचारायला लागला, बाई, उठवू का, तेव्हा कुठं भान आलं.

घरी मी काही सांगितलं नाही. पण वाढताना बाही वर सरकली आणि त्यानं कोपर पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मी आलो न्हवतो आज," तो म्हणाला. "आईशप्पथ."

"ठाऊक हाय," मी म्हणाले. "लई वेळ वाट पाहिली मी."